वेधशाळेतली माणसे घरपोच: ठाण्यातील एका वाचनालयाचा चरित्रसंच

नौपाड्यातील एका खासगी वाचनालयाने गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर हवामानशास्त्र आणि समुद्रशास्त्र या क्षेत्रांत हयात घालवलेल्या माणसांच्या जीवनकथांचा एक संच तयार केला आणि तो पुठ्ठ्याच्या पेटीतून सभासदांना घरपोच देण्यास सुरुवात केली. पेटीत बारा पुस्तिका असतात. प्रत्येक पुस्तिका साधारण चाळीस पानांची आहे, आणि मलपृष्ठावरील क्यूआर कोड मोबाइलवर टिपला की त्याच मजकुराचे ध्वनिमुद्रण ऐकता येते. याशिवाय महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर या पुस्तिकांवर बैठक होते आणि तिला पेटी घेतलेल्या सभासदाला घरातील कोणालाही सोबत नेता येते. पाचशे रुपये अनामत भरून पेटी महिनाभर ठेवता येते. नेहमीच्या वर्गणीखेरीज वेगळे शुल्क नाही. वाचनालयातील अभ्यासगटाने स्वतः लिहून, स्वतः छापून काढलेले हे काम असल्यामुळे त्याच्याकडे कौतुकाने पाहावे असे कोणालाही वाटेल, परंतु सभासदांचे पैसे आणि वेळ त्यात गुंतलेले असल्याने त्याचे परीक्षणही तितक्याच चोखपणे व्हायला हवे.

शास्त्रज्ञाच्या चरित्राची खरी कसोटी म्हणजे त्याच्या कामाचा एखादा साधा दिवस वाचकासमोर उभा राहतो की नाही ही होय. हवामान आणि समुद्र या शास्त्रांत तर ही कसोटी अधिकच कडक लागते, कारण येथे एका रात्रीत लागलेले शोध फार थोडे आहेत आणि वर्षानुवर्षे एकाच वेळी, एकाच जागी, एकाच उपकरणावर घेतलेल्या नोंदी फार आहेत. या संचातील निम्म्या पुस्तिका या कसोटीला उत्तम उतरतात. उरलेल्या निम्म्या मात्र सत्कार समारंभात पाहुण्यांचा परिचय करून द्यावा तशा जन्म, शिक्षण, पदे आणि पदके या क्रमाने सरकत जातात.

उत्तम पुस्तिकांत पहिला मान नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्यावरील पुस्तिकेला द्यावा लागेल. कुलाबा वेधशाळा १८२६ मध्ये सुरू झाली ती खगोलीय वेधांसाठी आणि बंदरातील जहाजांना अचूक वेळ कळवण्यासाठी. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापने तेथे १८४१ पासून होऊ लागली. मूस १८९६ मध्ये या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि थोड्याच वर्षांत त्यांच्यापुढे एक चमत्कारिक अडचण उभी राहिली. मुंबईतील घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेवरच्या ट्राम येणार होत्या, आणि त्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या नाजूक चुंबकमापकांवर खोट्या नोंदी उमटणार होत्या. शहराची प्रगती थांबवता येत नाही आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ चालत आलेली नोंदींची मालिकाही तोडता येत नाही, अशा पेचात मूस यांनी कुलाब्यापासून सुमारे ३० किलोमीटरवरील अलिबाग निवडले, चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणवून तेथे इमारत उभारली आणि १९०४ पासून नोंदी सुरू केल्या. पुस्तिकेतील सर्वांत सुंदर पाने त्यानंतरची आहेत. नवी जागा तयार झाल्याबरोबर जुनी बंद न करता १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मापने घेण्यात आली, दोन्ही जागांमधील फरक नेमका ठरवण्यात आला, आणि मगच कुलाब्याची चुंबकीय मापने थांबवण्यात आली. त्यामुळे कुलाबा आणि अलिबाग मिळून एकच अखंड मालिका आजही वापरता येते. या दोन वर्षांत मूस यांनी काही नवीन शोधले नाही, केवळ दोन रकाने शेजारी शेजारी भरून घेतले. परंतु लेखकाने हा भाग इतक्या संयमाने आणि तपशिलाने मांडला आहे की त्या रकान्यांचे मोल न सांगता कळते. अलिबागच्या या वेधशाळेचा कारभार पाहणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवी मुंबईत, नवीन पनवेलजवळ कळंबोलीला आहे, याची पुस्तिकेत एका ओळीचीही दखल नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांसाठी काढलेल्या संचात ही उणीव खटकते.

गिल्बर्ट वॉकर यांच्यावरील पुस्तिका दुसऱ्या क्रमांकाची, आणि काही बाबतींत पहिलीपेक्षाही धीट आहे. तिची सुरुवात वॉकर यांच्यापासून न होता त्यांचे पूर्वसुरी जॉन एलियट यांच्यापासून होते. १८९९ मध्ये एलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज वर्तवला आणि प्रत्यक्षात आला तो विक्रम संवत १९५६ मधला, छप्पनचा म्हणून ओळखला जाणारा दुष्काळ. त्यानंतर काही वर्षे मोसमी पावसाचा अंदाज जाहीर न करता सरकारी कचेऱ्यांपुरता गोपनीय ठेवला गेला. या पार्श्वभूमीवर १९०४ मध्ये केंब्रिजचा एक गणिती, ज्याला हवामानाचा कसलाही पूर्वानुभव नव्हता, हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख म्हणून येतो. हा मनुष्य बूमरँग फेकण्याचा शौकीन होता आणि त्या विषयावर त्याने गंभीर लेखनही केले होते, हे लेखकाने चवीने पण थोडक्यात सांगितले आहे. जगभरातील ठाण्यांचा वायुभार, तापमान आणि पाऊस यांचे आकडे एकत्र करून त्यांचे परस्परसंबंध हातांनी काढण्याचे प्रचंड काम वॉकर यांनी खात्यातील भारतीय कारकुनांकडून करवून घेतले. संगणक नावाचे यंत्र नव्हते तेव्हा संगणन करणारी ही माणसे होती. प्रशांत महासागरावरील वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो आणि उलटही घडते, हा झोका त्यांना त्यातून सापडला. मात्र ज्या कामासाठी ते आले होते, त्या मोसमी पावसाच्या खात्रीच्या अंदाजाची किल्ली १९२४ मध्ये परत जाईपर्यंत त्यांना मिळाली नाही. त्यांनी शोधलेल्या झोक्याचा एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापण्याशी, असलेला संबंध याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडला, तेव्हा वॉकर यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. आपण ज्यासाठी झिजलो त्याचे फळ आपल्याला दिसले नाही, अशा माणसाची कथा रडवेली न करता सांगणे अवघड असते, आणि येथे ते साधले आहे.

याच्या अगदी उलट प्रकार वसंत गोवारीकर यांच्यावरील पुस्तिकेत घडला आहे. पुण्याचा हा अग्निबाण-इंधनांचा जाणकार विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचा सचिव असताना मोसमी पावसाच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाकडे वळला. त्याच्या पुढाकाराने १६ घटकांवर आधारलेले अंदाजाचे गणिती प्रारूप तयार झाले आणि १९८८ पासून हवामान खात्याने ते वापरले, हे सारे पुस्तिकेत ठसठशीतपणे आले आहे. तथापि २००२ मध्ये याच प्रारूपाने सर्वसाधारण पावसाचा अंदाज दिला असताना प्रत्यक्षात देशभर सरासरीच्या सुमारे ८१ टक्केच पाऊस पडला, जुलै महिना तर जवळजवळ निम्म्यावर आटोपला, आणि त्यानंतर खात्याला नवी प्रारूपे स्वीकारावी लागली, याचा उल्लेख कोठेही नाही. लेखकाने हे आदरापोटी टाळले असावे. परंतु वॉकर यांच्या अपयशाची मोकळेपणाने चर्चा करणाऱ्या संचाने गोवारीकरांच्या बाबतीत एवढे हळवे होण्याचे कारण नव्हते. चौदा वर्षे चाललेले प्रारूप का ढासळले, १६ घटकांपैकी काहींचा पावसाशी असलेला संबंधच काळाच्या ओघात कसा क्षीण झाला, हा त्या कथेतील सर्वांत शिकण्यासारखा भाग होता. गोवारीकरांसारख्या माणसाची उंची त्यामुळे तसूभरही कमी झाली नसती.

अण्णा मणी यांच्यावरील पुस्तिकेबद्दल माझे मत दुहेरी आहे. आठव्या वाढदिवसाला मिळणाऱ्या हिऱ्यांच्या कुड्या नाकारून ज्ञानकोश मागणाऱ्या मुलीची गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि लेखिका तिच्यातच इतकी रमली आहे की पहिली दहा पाने त्रावणकोरमधील त्या घरातच जातात. पुढे बंगळूरला चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणिक यांच्या वर्णपटांवर केलेले काम, छायाचित्राच्या एकेका काचेसाठी पंधरा-वीस तास करावी लागणारी प्रतीक्षा, आणि पदव्युत्तर पदवी नसल्याचे कारण देऊन मद्रास विद्यापीठाने नाकारलेली डॉक्टरेट हा भाग मात्र नेटका आणि संतापाला योग्य तेवढीच वाट देणारा आहे. माझी खरी तक्रार त्यानंतरची आहे. १९४८ मध्ये इंग्लंडहून परतल्यावर पुण्याच्या हवामान खात्यात त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनवण्याची व्यवस्था लावली. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे १९५७-५८ मध्ये, सौर प्रारण, म्हणजे सूर्याकडून येणारी ऊर्जा, मोजणाऱ्या ठाण्यांचे जाळे उभे केले. ओझोन मोजण्यासाठी फुग्यातून वर सोडायचे उपकरण येथेच तयार करवले. हे सारे पुस्तिकेत दीड पानात उरकले आहे. चुकीचे मापन घेण्यापेक्षा मापन न घेतलेले बरे, असा ज्यांचा कटाक्ष होता, त्या बाईंच्या कर्तृत्वाचा गाभाच नेमका येथे उणा पडतो.

ही उणीव शनिवारच्या बैठकीने बरीच भरून काढली, असे प्रामाणिकपणे सांगायला हवे. हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बैठकीला आले होते. त्यांनी सूर्यप्रकाशाचे तास मोजणाऱ्या उपकरणाच्या वापरलेल्या पट्ट्या सोबत आणल्या होत्या. काचेच्या भरीव गोळ्यातून एकवटलेले ऊन निळसर जाड कागदाच्या पट्टीवर पडते आणि सूर्य जसजसा सरकतो तसतशी पट्टी जळत जाते, एवढेच ते उपकरण. डिसेंबरातील एका दिवसाची पट्टी हातात घेतली तर तिच्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसंध तपकिरी चर होती, कडांना बोट लावले की काजळी बोटाला येत होती. जुलैतील पट्टी जवळजवळ कोरी होती, दुपारी कधीतरी ढग फाटले तेव्हाचा तांदळाएवढा एक डाग तेवढा तिच्यावर होता. शेजारी बसलेल्या एका शाळकरी मुलीने काकांना विचारले की हे रोज कोण मोजायचे, आणि काका म्हणाले, "ज्याची ड्युटी असेल तो. दिवाळीतसुद्धा."

त्याच बैठकीत २६ जुलै २००५ चा विषय निघणे अपरिहार्य होते. ठाणेकरांच्या मंडळीत पावसाची गोष्ट निघाली आणि तो दिवस आला नाही असे होत नाही. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सर्वांना पाठ असते. परंतु पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतली जाते, त्यामुळे हा आकडा २७ जुलैच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांचा आहे, आणि त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे ऐकून बरेच जण चकित झाले. एकाच शहराच्या दोन टोकांतील एवढ्या तफावतीपुढे अंदाज वर्तवणाऱ्याची अवस्था काय होत असेल, यावर पुढचा अर्धा तास चर्चा झाली. ध्वनिक्षेपक मधूनमधून बंद पडत असूनही कोणी उठले नाही.

सुलोचना गाडगीळ यांच्यावरील पुस्तिका छोटी परंतु घट्ट विणीची आहे. पुण्यात वाढलेली, हार्वर्डमधून उपयोजित गणितात डॉक्टरेट केलेली ही संशोधक सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी परतली, पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत आणि मग बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम करू लागली. उपग्रहांची छायाचित्रे दिवसामागून दिवस तपासून तिने देवराज सिक्का यांच्यासह १९८० मध्ये दाखवून दिले की मोसमी पावसाचा ढगांचा पट्टा विषुववृत्तीय हिंदी महासागरावर पुन्हा पुन्हा तयार होऊन काही आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत येतो. मोसमी पाऊस म्हणजे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे वाहणारा एक अवाढव्य खारा वारा, ही शालेय पुस्तकातील समजूत त्यामुळे अपुरी ठरली. लेखकाने हे आकृती न देताही स्वच्छ समजावले आहे. नंतरच्या काळात कर्नाटकातील पावगडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांबरोबर बसून भुईमुगाच्या पेरणीची योग्य वेळ शोधण्याचे त्यांनी केलेले काम शेवटच्या पानांत येते. शास्त्रज्ञाने शेतकऱ्याला काय शिकवले यापेक्षा शेतकऱ्याला कोणते प्रश्न पडतात हे शास्त्रज्ञाने आधी कसे समजून घेतले, यावर तेथे भर आहे.

समुद्राची बाजू एकंदरीत दुबळी आहे. बारांपैकी चारच पुस्तिका समुद्राला मिळाल्या आहेत. सय्यद जहूर कासिम यांच्यावरील पुस्तिका वाचनीय आहे, कारण त्यांच्या नेतृत्वाखालील अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम हाच मुळात रोमहर्षक विषय आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी २१ जणांची तुकडी भाड्याने घेतलेल्या 'पोलर सर्कल' या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी बर्फावर उतरली. तथापि कासिम हे मुळात सागरी जीवशास्त्रज्ञ होते, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक होते, आणि त्यांनी किनाऱ्यावरील खाड्या व त्यांतील जैव उत्पादनक्षमता यांवर दीर्घकाळ काम केले होते, हे ठाण्याच्या खाडीकाठच्या वाचकाला अधिक जवळचे वाटले असते. अदिती पंत यांच्या वाट्याला तर त्याहून कमी आले आहे. औंध संस्थानच्या घराण्यातली, मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांची ही मुलगी हवाई विद्यापीठात आणि नंतर लंडनमध्ये समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींवर अभ्यास करून गोव्याच्या संस्थेत रुजू झाली आणि १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता यांच्याबरोबर अंटार्क्टिकावर गेली. तेथे जाणाऱ्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया त्याच. पुस्तिकेत थंडीचे, बर्फाचे, जहाजाच्या हेलकाव्यांचे वर्णन भरपूर आहे, पण त्यांनी पाण्याचे नमुने कसे घेतले आणि त्यांतून काय शोधले याबद्दल मात्र फारसे काही सापडत नाही. पहिली स्त्री म्हणून गौरव केला की तिच्या कामाबद्दल बोलण्याची जबाबदारी संपते, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

परदेशी मंडळींपैकी मेरी थार्प आणि लुइस फ्राय रिचर्डसन या दोघांवरील पुस्तिका चांगल्या उतरल्या आहेत. स्त्री असल्यामुळे संशोधन जहाजावर पाऊल ठेवू न दिलेल्या थार्प यांनी किनाऱ्यावरच बसून, इतरांनी आणलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाची दरी १९५२ च्या सुमारास ओळखली. सहकारी ब्रूस हीझन यांनी ती प्रथम बायकी बडबड म्हणून उडवून लावली, आणि भूकंपांची केंद्रे त्याच दरीवर पडतात असे दिसल्यावर मान्य केली. रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत असताना सहा तासांचा हवामान अंदाज हातांनी गणित करून काढला आणि त्यात वायुभाराचा १४५ मिलिबारचा अशक्य फरक आला, तरीही तो त्यांनी १९२२ मध्ये जसाच्या तसा प्रसिद्ध केला. उरलेल्या परदेशी पुस्तिका वाचल्या नाहीत तरी चालेल.

ज्यांना पदके मिळाली नाहीत अशी माणसे या संचात मुळीच नाहीत, आणि ती असायला हवी होती. पहाटे उठून फुगा सोडणारे निरीक्षक, जहाजांवरून नोंदी पाठवणारे खलाशी, पाळीवर बसून वादळाच्या रडार चित्रांवर रात्रभर नजर ठेवणारे कर्मचारी यांच्याशिवाय यातील एकाही थोर माणसाचे काम उभे राहिले नसते. ठाणे, ऐरोली, वाशी, बेलापूर या पट्ट्यात अशी कितीतरी निवृत्त मंडळी राहतात. त्यांच्या मुलाखती घेऊन पुस्तिका करणे अभ्यासगटाला अवघड नाही. खाडीवर पिढ्यान् पिढ्या मासेमारी करणारे कोळीही येथलेच आहेत. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग यांवरून मासळी कोठे मिळेल याची माहिती हैदराबादची समुद्री माहिती सेवा संस्था मच्छीमारांना पुरवते. तिचा उपयोग प्रत्यक्षात कसा होतो, कोठे होत नाही, हे एखाद्या तांडेलाच्या तोंडून ऐकायला मिळाले असते तर समुद्राची बाजू एवढी कोरडी राहिली नसती.

आता सेवेविषयी. ध्वनिमुद्रण हा या उपक्रमातील अनपेक्षित लाभ आहे. घरातील ज्येष्ठांना, ज्यांना बारीक टंक वाचवत नाही, त्यांना वॉकर आणि मूस यांच्या कथा ऐकताना मी पाहिले आहे, आणि वाचणाऱ्या बाईंचा आवाज शांत व उच्चार स्वच्छ आहेत. काही ध्वनिफितींत मात्र मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, आणि क्यूआर कोड इतका लहान छापला आहे की जुन्या मोबाइलवर तो लवकर टिपला जात नाही. पेटी पोहोचवण्याच्या व्यवस्थेला ऐन पावसाळ्यात शिस्त नव्हती. आमच्याकडे आलेली पेटी खालून ओली होती, थार्प यांच्या पुस्तिकेची पाने चिकटलेली होती, आणि वायुभार मोजणाऱ्यांच्या कथा पावसापासून जपण्यासाठी कोणी प्लॅस्टिकची पिशवी वापरू नये याचे हसूही आले. तक्रार नोंदवल्यावर ग्रंथपालांनी कोणतीही सबब न सांगता पुस्तिका बदलून दिली आणि त्यानंतरची पेटी जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आली, हेही येथे नमूद करायला हवे. छपाईतील चुका मात्र तशाच आहेत. एका पुस्तिकेत तर एकाच व्यक्तीचे जन्मवर्ष दोन पानांवर दोन वेगळ्या प्रकारे छापले आहे. मापनाच्या अचूकतेचे गोडवे गाणाऱ्या संचाने पुढील आवृत्तीआधी मुद्रितशोधनावर थोडा खर्च करावा.

आठवी-नववीच्या पुढील मुलांना हा संच सहज वाचता येईल. त्याआधीच्या मुलांना पालकांनी सोबत बसून मूस आणि मणी यांच्यापासून सुरुवात करून द्यावी, गोवारीकरांची पुस्तिका देताना २००२ सालची हकिगत तोंडी सांगावी. विज्ञान शाखेकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांना हवामान खाते, पुण्याची संस्था, गोव्याची संस्था येथे प्रवेश कसा मिळतो याची माहिती पेटीत नाही, त्यासाठी बैठकीलाच यावे लागते. घरपोच सेवा सध्या नौपाडा, घंटाळी, पाचपाखाडी आणि कोपरी एवढ्याच भागात आहे. नवी मुंबईच्या सभासदांना रविवारी सकाळी वाशीतील केंद्रावरून पेटी घ्यावी लागते. पेट्या मोजक्याच असल्यामुळे प्रतीक्षायादी लांब असते, परंतु मूस आणि वॉकर यांच्या पुस्तिका सुट्याही मिळतात, आणि ज्यांना संपूर्ण संच वाचायला सवड नाही त्यांनी त्या दोन आधी मागवाव्यात.